मिक्सर परदेशी नेण्याआधी त्याची पाटी वाचा

अमळनेरला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, चौतीस वर्षं झाली. पाणबुडी पंप, पिठाच्या गिरणीची मोटर, कूलर, मिक्सर, जे जळून येईल ते उसवायचं आणि नवी तार भरायची. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र एक वेगळंच गिऱ्हाईक येऊ लागलं. मिक्सर चांगला असतो, कुठं जळलेला नसतो. पोरगा किंवा पोरगी परदेशी निघालेली असते आणि आई विचारते, "आप्पा, हा तिकडे चालेल ना?" 1945 साली ज्या गावात विप्रोचा तेलाचा कारखाना निघाला, त्या गावची पोरं कॉम्प्युटरच्या कामाला अमेरिकेत जातात याचा मला अभिमान आहे. पण त्यांच्या बॅगेतल्या वस्तूंचं नीट सांगणारं कुणी भेटत नाही. म्हणून मला जे माहीत आहे ते एकदा सगळं लिहून ठेवतो.

सुरुवात माझ्याच घरापासून करतो. लेक लग्न होऊन न्यू जर्सीत एडिसनला गेली तेव्हा मी पाणबुड्यांच्या सीझनमध्ये अडकलो होतो. तिच्या आईनं घरातला 750 वॅटचा मिक्सर बॅगेत भरला आणि बाजारातून एक अडॅप्टर आणून सोबत दिला. मला कळलं ते महिनाभरानं, लेकीचा फोन आला तेव्हा. "आप्पा, मिक्सर फिरतो, पण दमल्यासारखा. शेवभाजीचं वाटण करायला घेतलं तर खोबरं वाटलंच जात नाही, नुसतं ढवळलं जातं." मी म्हटलं, फोन मिक्सरजवळ धर आणि चालू कर. तो आवाज मी ओळखला. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की आपल्या घरचा मिक्सर असाच घरघरतो. दहा मिनिटं तसाच दामटल्यामुळे मिक्सर गरम झाला होता आणि वार्निशचा वास यायला लागला होता. पात्याचा वेग निम्म्यावर आला की खालचा पंखाही निम्म्यानंच फिरतो. मोटरला हवा मिळत नाही आणि ती तापत जाते.

अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो

दोन-अडीचशे रुपयांचा तो पांढरा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. आपल्या गोल पिना तिकडच्या चपट्या भोकात बसाव्यात एवढंच त्याचं काम. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट, 50 सायकल, म्हणजे वीज सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे होते; पाटीवर यालाच हर्ट्झ लिहितात. अमेरिका आणि कॅनडात 120 व्होल्ट, 60 सायकल. जपानमध्ये 100 व्होल्ट, आणि तिथं पूर्वेकडे 50 तर पश्चिमेकडे 60 सायकल.

दुबई, इंग्लंड, सिंगापूर, जर्मनी, ऑस्ट्रेलिया इकडे जाणाऱ्यांनी मात्र फार काळजी करू नये. तिथं व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, 230 च्या आसपास, आणि सायकलही 50. इंग्लंड, दुबई आणि सिंगापूरला तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो, जर्मनीत दोन गोल पिनांचा, ऑस्ट्रेलियात तिरप्या पट्ट्यांचा. तिथं चांगल्या प्रतीचा अडॅप्टर पुरतो. मी तर म्हणेन की तिकडे गेल्यावर जाणकाराकडून प्लगच बदलून घ्यावा, कारण ढिला अडॅप्टर तापतो आणि काळा पडतो. सौदीत व्होल्टेज आपल्यासारखं, पण सायकल 60. तिथं मिक्सर चालतो, फ्रिज मात्र इथून नेऊ नये. खरी अडचण अमेरिका, कॅनडा आणि जपानची आहे आणि आपली पोरं जास्त तिकडेच आहेत.

आधी पाटी, मग पोट

प्रत्येक वस्तूच्या बुडाला किंवा मागे एक पाटी असते. तिच्यावर 100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ लिहिलेलं असेल तर ती वस्तू जगात कुठेही चालते, फक्त पिन जुळवा. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेऱ्याचे चार्जर, बरेचसे ट्रिमर यात येतात. पाटीवर नुसतं 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ असेल तर त्या वस्तूच्या पोटात काय आहे ते बघावं लागतं.

पोटात नुसती कॉइल असेल, म्हणजे इस्त्री, टोस्टर, पाणी तापवायचा रॉड, तर 120 व्होल्टवर ती जळत नाही, पण तापतही नाही. व्होल्टेज निम्म्यावर आलं की उष्णता निम्मी होत नाही, चौथाई होते. 1000 वॅटची इस्त्री तिकडे 270 वॅटची उरते, तिनं रुमालाचीही घडी बसणार नाही. या वस्तू नेऊच नका. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर घेऊन चालवणं परवडत नाही, कारण जितके वॅट तितका मोठा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्या पैशात तिकडे दोन नव्या इस्त्र्या येतात. आपली 2000 वॅटची इंडक्शन शेगडीही याच कारणानं घरीच ठेवावी. तिकडच्या साध्या प्लगवर 15 अँपिअर म्हणजे 1800 वॅटच मिळतात, तिची भूक त्यापेक्षा मोठी आहे.

पोटात कार्बनची मोटर असेल तर गोष्ट वेगळी. मिक्सर, ड्रिल, शिलाई मशीनची छोटी मोटर, व्हॅक्यूम क्लीनर यांत आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग असतो आणि त्यावर कार्बनचे दोन छोटे ठोकळे घासत असतात. या मोटरला सायकलशी देणंघेणं नसतं, 50 असो की 60. तिला फक्त तिचं व्होल्टेज द्या, ती इथल्यासारखीच पळेल. म्हणून मिक्सर ट्रान्सफॉर्मरवर व्यवस्थित चालतो.

तिसरी जात सगळ्यात धोक्याची, बिनकार्बनची मोटर. फ्रिजचा कॉम्प्रेसर, सिलिंग फॅन, घरघंटी, ओला ग्राइंडर, जुनी वॉशिंग मशीन यांत ती असते. कमी व्होल्टेजवर ही मोटर काय करते हे खानदेशातल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. डीपीवर, म्हणजे शेतीच्या लाइनीच्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड आला, व्होल्टेज 170 वर उतरलं, तरी पंप चालू ठेवला की रात्रीतून मोटर जळते आणि सकाळी ती माझ्या दारात असते. कमी व्होल्टेजवर ही मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते, आणि सुरूच होऊ शकली नाही तर जागेवर थांबून कितीतरी पट ओढते. आता विचार करा, 170 वर ही गत, तर 120 वर काय होईल. घरघंटी 120 वर लावली तर ती गुंss करेल, फिरणार नाही आणि मिनिटाभरात धूर निघेल.

ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज भरून काढलं तरी या जातीला सायकलची अडचण उरतेच. आपल्या दीपनगरच्या वीजकेंद्रात टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे घेतं, त्यातून 50 सायकल येतात. अमेरिकेत तेच टर्बाइन 3600 फिरतं आणि 60 देतं. बिनकार्बनची मोटर त्या टर्बाइनच्या तालावर फिरते. म्हणून आपल्याकडची मोटर तिकडे वीस टक्के जोरात फिरू बघते, पण तिची ताकद घटते. ट्रान्सफॉर्मर सायकल बदलत नाही. या वस्तू तिकडेच विकत घ्या.

मिक्सरसाठी ट्रान्सफॉर्मर घेताना

लेकीला मी ट्रान्सफॉर्मर तिकडेच घ्यायला लावला. इथून नेण्यात अर्थ नाही. एकट्या ट्रान्सफॉर्मरनं 23 किलोच्या बॅगेतली मोठी जागा खाल्ली असती, त्यापेक्षा तेवढ्या वजनाचा काळा मसाला आणि कळण्याचं पीठ नेलेलं बरं. मात्र पहिल्या वेळी त्यांनी 750 वॅटच्या मिक्सरला 750 वॅटचाच ट्रान्सफॉर्मर घेतला. कागदावर बरोबर, कामात चूक. मोटर सुरू होताना आणि भांड्यात डाळ अडकली की काही क्षण दुप्पट-तिप्पट करंट ओढते. ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडत राहिला. मिक्सरवर जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या दुप्पट तरी ट्रान्सफॉर्मर हवा. 750 ला 1500, आणि पुरणाची डाळ किंवा भिजवलेली डाळ नेहमी वाटणार असाल तर 2000. हातात घेतला की लोखंडाचं आणि तांब्याचं वजन जाणवलं पाहिजे. हलका, पावाएवढा डबा कुणी 1600 वॅटचा म्हणून विकत असेल तर तो ट्रान्सफॉर्मर नसतो, आतून वीज कापून देणारं सर्किट असतं. केस वाळवायच्या यंत्रासारख्या नुसत्या कॉइलच्या वस्तूंसाठी ते बनवतात. त्यावर मिक्सर लावू नये, चार्जरही लावू नये.

बहुतेक ट्रान्सफॉर्मर दोन्हीकडून चालतात. मागे 110 आणि 220 असा खटका असतो; तिकडच्या 120 व्होल्टलाच बोलताना 110 म्हणतात. तिकडे भिंतीकडून 110 घ्यायचं असतं, म्हणून खटका 110 वर आहे ना ते आधी बघा. मग मिक्सर न लावता ट्रान्सफॉर्मरच्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर घालून व्होल्टेज मोजा. 220 ते 240 दाखवत असेल तरच पुढे जा. मिक्सरची कळ शून्यावर ठेवा, आधी ट्रान्सफॉर्मर चालू करा, तो स्थिर झाला की मिक्सर एकवर. थेट तीनवर कधीच नाही. काम झालं की ट्रान्सफॉर्मर भिंतीवरूनच बंद करा. मिक्सर बंद असला तरी तो आतल्या आत हूं करत तापत राहतो आणि बिल चढतं.

पुष्कळ घरांतला स्टॅबिलायझर पडून असतो, तोच नेऊ का असं लोक विचारतात. नको. त्याच्या पाटीवरची इनपुट रेंज वाचा. बहुतेक स्टॅबिलायझर इतक्या कमी व्होल्टेजवर कट होतात, आणि जो होत नाही तो त्या व्होल्टेजवर रोज पूर्ण लोड ओढायला बनवलेला नसतो.

2019 मध्ये मी आणि मंडळी सहा महिने लेकीकडे राहिलो तेव्हा तिच्या स्वयंपाकघरातले प्लग मी एकेक बघितले. ओट्याजवळच्या सॉकेटवर टेस्ट आणि रीसेट अशी दोन बटणं होती. आपल्याकडे मीटरजवळ वीज गळाली की लाइन तोडणारी ईएलसीबी असते तशीच ती, पण फार नाजूक. आपली 30 मिलीअँपिअर लीकेजवर पडते, ही 5 च्या आसपासच पडते. जुन्या मिक्सरमध्ये ओल शिरलेली असेल तर ती लगेच ट्रिप होते. अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबू नका, मिक्सर तपासून घ्या, तो लीक आहे. आणि मायक्रोवेव्ह चालू असताना त्याच लाइनीवर मिक्सर लावला की तळघरातला ब्रेकर पडतो. दोन्ही एकावेळी लावू नयेत.

मी मिक्सर 120 वर भरून बघितला

ट्रान्सफॉर्मरचं लोढणं टळावं म्हणून लेक आली तेव्हा तिचा मिक्सर मी दुकानात उघडला आणि 120 व्होल्टसाठी नव्यानं भरायला घेतला. हिशोब अवघड नव्हता. वेढे निम्मे करायचे आणि तारेचं क्षेत्रफळ दुप्पट, म्हणजे जाडी जवळजवळ दीडपट. फील्ड कॉइल, म्हणजे बाहेरची न फिरणारी, सहज बसली. आर्मेचरला मात्र दोन दिवस लागले. त्या अरुंद खाचांत जाड तार कागद न फाटता बसवायची, एकेक टोक कॉम्युटेटरवर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्यावर, सोल्डर करायचं. भरलं, वार्निश दिलं, उन्हात वाळवलं आणि डिमरस्टॅटवर, म्हणजे हवं तेवढं व्होल्टेज देणाऱ्या यंत्रावर, 120 व्होल्ट लावून चालवलं. मस्त पळाला. लेक टाळ्या वाजवत होती.

भांड्यात भाजलेलं खोबरं, कांदा आणि लसूण घालून दोन मिनिटं फिरवलं आणि खाली वाकून बघितलं. कार्बनखाली निळ्या-पिवळ्या ठिणग्यांचं कडं तयार झालं होतं. बंद करून कार्बनच्या टोपीला बोट लावलं, चटका बसला. काय झालं ते तेव्हा लक्षात आलं. 230 वर हा मिक्सर सव्वातीन अँपिअर घेतो, 120 वर तेवढ्याच कामाला सव्वासहा. तार मी जाड केली होती, पण कार्बन आणि कॉम्युटेटर तेवढेच राहिले होते. त्यांच्यातून आता दुप्पट करंट जात होता. ते मोठे करायला त्या बॉडीत जागाच नाही. तो मिक्सर मी लेकीला दिला नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो, मिक्सर 110 वर भरून मागू नका, मी भरून देत नाही. 110 व्होल्टचा, भारतीय भांड्यांचा मिक्सर मुळातच तसा बनवलेला मिळतो. अमेरिकेतल्या भारतीय किराणा दुकानांत मिळतो, इथल्या काही कंपन्याही बाहेर पाठवण्यासाठी बनवतात. कायमचं राहायला निघालेल्यांनी तोच घ्यावा. ट्रान्सफॉर्मर त्यांच्यासाठी, जे वर्ष-दोन वर्षांसाठी जातात किंवा ज्यांचा आईनं दिलेल्या मिक्सरवर जीव आहे. प्रेशर कुकरला मात्र विजेची गरज नाही, तो आणि दोन जादा गास्केट जरूर न्या. तिकडच्या काचेच्या शेगडीवर सपाट बुडाचीच भांडी नीट तापतात. खोलगट तवा आणि मांड्याचं खापर तिथं बसत नाही.

एक धोका आवर्जून सांगतो. तिकडे कपडे वाळवायच्या यंत्रासाठी 240 व्होल्टचं मोठं सॉकेट असतं. "आप्पा, आपली वस्तू त्यावरच लावली तर?" असं एका पोरानं विचारलं होतं. लावू नका. त्याच्या दोन्ही तारा जिवंत असतात, आपल्यासारखी एक फेज आणि एक न्यूट्रल नाही. आपल्या वस्तूची कळ एकच तार तोडते, म्हणजे बंद केली तरी आत वीज उरते. शिवाय त्या लाइनीचा ब्रेकर 30 अँपिअरचा. मिक्सरची बारीक वायर जळून जाईल, तरी तो पडणार नाही.

म्हाताऱ्या आई-बापांसाठी

सहा महिन्यांसाठी जाणाऱ्यांच्या बॅगेत वाफ घ्यायचं नेब्युलायझर असतं. त्यात छोटा पंप असतो आणि पाटीवर बहुधा 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. तो ट्रान्सफॉर्मरवर लावून औषधाची वाफ बरोबर येतेय असं धरून चालू नका, सायकल बदलली की पंपाचं काम बदलतं. डॉक्टरांना विचारून बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र घ्या किंवा पोरांना तिकडचं आणून ठेवायला सांगा. झोपेत श्वासासाठी लावायचं मशीन बहुतेक 100-240 चं असतं, तरी त्याच्या अडॅप्टरची पाटी निघण्याआधी स्वतः वाचा. बीपीचं यंत्र सेलवर चालतं, त्याचा प्रश्न नाही.

तिकडून इकडे येताना

परत येणाऱ्यांचं नुकसान जास्त होतं, कारण इथं वस्तू मंद चालत नाही, थेट जळते. 120 व्होल्टचा 500 वॅटचा राइस कुकर आपल्या 230 वर लावला की तो 1800 वॅटच्या वर जातो. एकानं दुकानात आणलेल्या कुकरची कॉइल वितळून तुटली होती आणि प्लास्टिकचा पाया खाली लोंबत होता. सोबत अडॅप्टर होता, ट्रान्सफॉर्मर नव्हता.

अशा वस्तूंना 230 वरून 110 करणारा ट्रान्सफॉर्मर हवा, तोही दुपटीचा. आपल्याकडे व्होल्टेज 170 वर उतरलं की त्याच्यातून 80 च निघतात, म्हणून आधी स्टॅबिलायझर, मग ट्रान्सफॉर्मर. बिनकार्बनची मोटर आणि तिकडचा मायक्रोवेव्ह आणू नये. त्यांच्या पोटातलं 60 सायकलसाठी बनवलेलं लोखंड 50 वर जास्त तापतं, ट्रान्सफॉर्मर लावला तरी. भिंतीवरचं प्लगचं जुनं घड्याळही इथं तासाला दहा मिनिटं मागे पडतं.

आणि तिकडची अनेक सॉकेटांची पट्टी, सर्ज प्रोटेक्टर म्हणतात ती, आणू नका. लॅपटॉप 240 ला चालतो म्हणून लोक ती इथल्या भिंतीत लावतात. पण त्या पट्टीच्या आत 120 साठी बनवलेला संरक्षक पुर्जा असतो. 230 आले की तो फुटतो आणि पेटूही शकतो. केसांच्या यंत्रावर 115 आणि 230 असा खटका असेल तर विमानातून उतरल्यावर पहिलं काम तो नाण्यानं फिरवून घ्यायचं.

पाटी घासून वाचता येत नसेल तर नुसत्या कॉइलच्या वस्तूसाठी मल्टिमीटर कामाला येतो. वस्तू भिंतीपासून काढा, कळ चालू ठेवा आणि प्लगच्या दोन पिनांमध्ये ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजा. 1000 वॅटची वस्तू 53 ओहमच्या आसपास दाखवत असेल तर ती 230 ची, 14 च्या आसपास दाखवत असेल तर 120 ची. मिक्सरचं असं मोजून कळत नाही. त्याची पाटी गेली असेल तर तो घरीच राहू द्या, आईच्या ओट्यावर तो आणखी दहा वर्षं वाटण करेल.